नितळ पाण्यातला सोमल



पाण्याला आपण 'जीवन' म्हणतो. त्या जीवनाची परीक्षा आपण कशी करतो? पेला उजेडाकडे धरतो, वास घेतो, घोटभर चाखून पाहतो. पावसाळ्यात तुरटी फिरवतो, फडक्याने गाळतो, उकळतो. पटकी आणि विषमज्वर पाण्यातून येतात हे घरोघर ठाऊक झाले, याचे मोल थोडे नाही. पण त्याबरोबर एक समजूतही रुजली, की नितळ आणि उकळलेले पाणी म्हणजे निर्दोष पाणी. ही समजूत किती महागात पडू शकते, हे पाहण्यासाठी आज आपण बंगालमध्ये जाऊ.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी पाण्याला तोटा नाही. गावोगाव तळी. त्याच तळ्यात भांडी घासायची, तेथेच न्हायचे आणि तेथलेच पाणी प्यायचे. त्यामुळे पटकी आणि हगवण पाचवीलाच पुजलेली. तेव्हा १९७०नंतरच्या वर्षांत बांगला देशात सरकारने युनिसेफच्या साहाय्याने गावोगाव कूपनलिका बसवल्या. दांडा दाबला की भूगर्भातले थंडगार, काचेसारखे पाणी. लोकांना ते इतके पटले, की पुढे त्यांनी पदरचे पैसे घालून लाखो कूपनलिका खोदल्या. हेतू शुद्ध होता आणि पाण्यात जंतूही फारसे नव्हते. त्यात दुसरे काही असेल, अशी शंका मात्र कोणाला आली नाही.

१९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतील रोगी आले. अंगावर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय कठीण आणि खडबडीत. ही लक्षणे सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची होती. आणि तो पोटात जात होता कूपनलिकेच्या पाण्यातून. १९९३ साली सीमेपलीकडे बांगला देशातही तसेच पाणी सापडले.

हे विष कोणी कालवले? कोणीही नाही. हिमालयाची झीज होऊन नद्यांनी हजारो वर्षे गाळ आणला. त्यातील कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप असतो आणि सोमल त्या लेपाला चिकटलेला असतो. गाळाबरोबर पालापाचोळाही पुरला गेला. जमिनीखाली हवा पोचत नाही, अशा ठिकाणी सूक्ष्म जीव हा पाचोळा कुजवताना प्राणवायूऐवजी त्या गंजाचा वापर करतात. गंज विरघळतो आणि सोमल पाण्यात उतरतो. उथळ कूपनलिका नेमक्या याच थरांत पोचल्या होत्या.

तो किती असला म्हणजे वाईट? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. दहा हजार लिटरचे दहा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम सोमल, एवढीच ती मर्यादा. बंगालमध्ये कित्येक ठिकाणी याच्या अनेक पट सोमल सापडला. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो एका दिवसात मारत नाही. कित्येक वर्षांनी त्वचेवर खूण उमटते आणि पुढे त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यात आणखी एक दुःख असे, की हे डाग महारोगाचे समजून शेजारी दूर झाले आणि मुलींची लग्ने अडली. वस्तुतः हा रोग स्पर्शाने मुळीच पसरत नाही.

मग पाणी उकळले तर? सोमल हा जंतू नव्हे, तो मरत नाही. उकळताना पाणी वाफ होऊन उडते आणि सोमल मागे राहतो. म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढतेच. फडके गाळ अडवते, विरघळलेली वस्तू अडवत नाही.

उपाय सुरू झाला तो तपासणीपासून. २००० सालानंतर बांगला देशात सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. दोषी नळांना तांबडा रंग दिला, निर्दोष नळांना हिरवा. तांबड्या नळाचे पाणी धुण्याला चालेल, पिण्याला नाही. एका अंगणात तांबडा नळ आणि शेजारच्या अंगणात हिरवा, असेही दिसले. दोन्हींचे पाणी सारखेच नितळ! फरक डोळ्यांना कळला तो रंगामुळे, आणि रंग ठरवला परीक्षानळीने.

आपली दख्खनची भूमी बंगालच्या गाळाची नव्हे. पण म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही विंधनविहिरींत खडकातून उतरलेले फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले आहे. थोडे फ्लोराइड दातांना हितकर असते. पण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांचे दात डागाळतात आणि प्रमाण फार असेल तर मोठ्यांची हाडे व सांधे ताठरतात. तेही उकळून जात नाही.

याचा अर्थ पुन्हा तळ्याकडे वळावे असा नाही. जंतूंची भीती खरी आहे आणि उकळणे सोडू नये. पण उकळणे हे जंतूंच्या प्रश्नाचे उत्तर आहे. क्षारांचा आणि धातूंचा प्रश्न प्रयोगशाळेतच विचारावा लागतो. नवी विंधनविहीर घेताना आपण पाणी किती फुटांवर लागले, किती इंच लागले, हे हौसेने विचारतो. त्याच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारावा: या पाण्यात काय आहे? बंगालमध्ये हा प्रश्न विचारायला उशीर झाला. आपण तो पहिली घागर भरण्यापूर्वी विचारू या.