अंगरक्षक व्हायचंय? आधी हे वाचा

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे गावच्या ज्या पोरांची पोलीस भरती थोडक्यात हुकते, त्यांच्या डोळ्यांपुढे बऱ्याचदा 'बॉडीगार्ड'ची नोकरी असते. कायद्यात मात्र त्यासाठी वेगळा परवाना नाही. 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्यात माणसाचं रक्षण आणि मालमत्तेचं रक्षण एकाच व्याख्येत येतं.

केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे प्रशिक्षण 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष, किमान 20 कामाच्या दिवसांत. माजी सैनिक व पोलिसांना ते कमी. पुरुषाची उंची 160 सेंमी, स्त्रीची 150. एक किलोमीटर सहा मिनिटांत. भरतीची तयारी केलेल्याला एवढं धावणं म्हणजे किरकोळच. खरा कस अभ्यासक्रमात लागतो: गर्दी आवरणं, ओळखपत्र तपासणं, संशयास्पद स्फोटक ओळखणं, प्रथमोपचार, आग विझवणं आणि स्वसंरक्षणाचा हक्क कुठे संपतो याची जाण. शस्त्र हाताळणं त्यात ऐच्छिक आहे. सिनेमा पाहून आलेल्यांचा इथेच हिरमोड होतो. बंदुकीला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो.

शरीर कमवायला लांब जायचं कारण नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. त्याच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती.

प्रशिक्षणाची फी भरण्याआधी सुरक्षा संस्थेचा परवाना डोळ्यांनी पाहा. विनापरवाना सुरक्षा संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.