पंगतींतला आग्रह आणि आंतड्याचें दुखणें

आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या दुखण्यास नांव मिळेपर्यंत दोन वर्षें लोटलीं. पोटांत कळा, दिवसांतून दहा वेळां शौचास जाणें, त्यांत रक्त. आणि यांतलें अक्षरहि त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें. एकत्र कुटुंबांत आमटीला मीठ कमी पडलेलें सर्वांस कळतें; असली गोष्ट सांगावयास मात्र माणूस सांपडत नाहीं.

अखेर दुर्बिणीच्या नळीनें तपासणी झाली, तेव्हां मोठ्या आंतड्यांत व्रण दिसले. वैद्यकांत यास 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हणतात. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या दोघां सहकाऱ्यांनीं वर्णिलेला 'क्रोन्स'चा विकार याच जातीचा. तो मुखापासून गुदापर्यंत कोठेंहि होऊं शकतो, आणि आपल्याकडे आंतड्याच्या क्षयाशीं त्याची पुष्कळदां गल्लत होते. या विकारांत शरीराची संरक्षणशक्तीच आंतड्यावर उलटते. तो स्पर्शानें लागत नाहीं, कीं रागीट स्वभावानें जडत नाहीं. औषधांनीं वर्षानुवर्षें आटोक्यांत राहतो आणि मधूनच पुन्हां उसळतो.

घरच्यांची कसोटी येथेंच लागते. रोगी चार महिने बरा दिसला कीं, "आतां गोळ्या कशाला?" असें कोणी तरी म्हणतेंच. अहो, बरें वाटतें तें बहुधा त्या गोळ्यांमुळेंच! स्टिरॉइड तर एकाएकीं थांबविणें धोक्याचें. घरच्या डब्यांतली वेदनाशामक गोळीहि डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नये. कांहीं गोळ्यांनीं दुखणें बळावतें. रक्त जाऊन येणारा थकवा बाहेरून दिसत नाहीं, म्हणून त्यास आळस म्हणूं नये. आमच्या घरांत तो शब्द उच्चारला गेला आहे. कोणीं उच्चारला तें येथें लिहीत नाहीं.

आणि तो पंगतींतला आग्रह! आमच्या सासूबाई वाढण्यांत कोणास हार जाणाऱ्या नव्हेत. एका मुंजींत त्यांनीं जाऊबाईंच्या पानांत दुसऱ्यांदा बासुंदी वाढली. दुखणें उसळलेलें असतां दूध पुष्कळांस पचत नाहीं. जाऊबाईंनीं वाटी मुकाट्यानें संपविली आणि रात्र जागून काढली. सासूबाईंसहि त्या रात्रीं झोंप नव्हती. दाराची कडी किती वेळां वाजली तें त्यांनीं मोजलें होतें.

दुसऱ्या दिवशीं त्या कोणास कांहीं बोलल्या नाहींत. फक्त मुलांस बजावलें, "सकाळीं काकू उठली कीं रांग नाहीं." अकरा माणसांत एक शौचकूप असलेल्या आमच्या घरांत हा मोठाच कायदा होता. आतां पंगतींत जाऊबाईंच्या पानापाशीं त्या क्षणभर थांबतात, आणि मान हलली तरच पळी खालीं आणतात.