स्कूटर तुमच्या नावावर आहे ना? मग हे वाचाच!

मैत्रिणींनो, घरातली स्कूटर कुणाच्या नावावर आहे, आठवतंय का? पुष्कळ घरांत ती ‘तिच्या’ नावावर असते. पाडव्याला हार घालून, नारळ फोडून दारात आणलेली. नाव आपलं आणि संध्याकाळ झाली की चावी मात्र लेकाच्या खिशात!

सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं असंच झालं. ती रोज सकाळी चौदा डबे पोचवते, स्कूटरवरूनच. गेल्या वर्षी जुनी गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक आलं, इसार घेतला, आणि नाव बदलायच्या वेळी कळलं, गाडीवर नऊ चलनं थकलीत! सगळी हेल्मेटची, प्रत्येकी 500 रुपये, म्हणजे साडेचार हजार. बाई स्वतः हेल्मेटशिवाय कधी बाहेर पडत नाही. मग हे दिवे कुणी लावले, ते तुम्ही ओळखलंच असेल. मोबाइलवर संदेश येत होते म्हणे, पण नोंदणीत नंबर होता यजमानांचा जुना, कधीच बंद पडलेला.

कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो, चालवणारा कोण ते नाही. म्हणून चलन येतं ते मालकाच्या, म्हणजे आपल्या नावावर. आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर गोष्ट फारच गंभीर. 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘कोपऱ्यावरून दूध आणायला’ म्हणूनसुद्धा चावी देऊ नका.

आता लायसनचं. हेल्मेट नसेल तर दंडाबरोबर तीन महिने लायसन जाऊ शकतं, हे कायद्यातच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, डोकं एकच असतं. पण 2025 साली वर्तमानपत्रांत निराळीच चर्चा वाचली, की ज्यांचा दंड थकलाय त्यांचं लायसनच निलंबित करावं. तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, बुडव्यांना चाप हवाच. मलाही आधी तसंच वाटलं. मग बहिणीच्या चौदा डब्यांचा विचार आला. तीन महिने गाडी बंद म्हणजे तीन महिने डबे बंद. मग दंड भरायचा कशातून?

अमेरिकेत हेच घडलं. तिथल्या बऱ्याच राज्यांत दंड थकला की लायसन जायचं. गावोगावी बस नाही, गाडीवाचून कामावर पोचता येत नाही. माणसं नाइलाजानं तशीच गाडी चालवायची, पकडली गेली की आणखी दंड! शेवटी कॅलिफोर्नियानं 2017 साली ही पद्धत बंद केली. न्यूयॉर्कमध्ये 2020 च्या अखेरीस तसा कायदा झाला आणि दंड हप्त्यानं भरायची सोयही झाली. आपल्याकडे फ्रिजला हप्ते मिळतात, मिक्सरला मिळतात, मग दंडाला का नसावेत? दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन जरूर काढा, पण पैसे नाहीत हा काही रस्त्यावरचा धोका नव्हे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 19 व्या कलमात, परवाना अधिकाऱ्यानं लायसन काढून घेण्याआधी धारकाला म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं आहे. हे लक्षात असू द्या.

आता घरच्या घरी काय करता येईल ते सांगते. महिन्यातून एकदा, गॅसची नोंद करता ना, तशीच ‘महाट्रॅफिक’ ॲपवर गाडीची चलनं बघा. फोटो जरूर उघडा. साताऱ्याच्या माझ्या वहिनींना परगावचं चलन आलं, गाडी तर पोवई नाक्याच्या पुढे गेली नव्हती! फोटोत गाडी दुसऱ्याचीच, एक आकडा चुकीचा वाचलेला. तक्रार केली, चलन रद्द झालं. जुनी गाडी विकलीत तर 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून नाव बदलल्याची खात्री करा, नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि दंड आपला! आणि हो, चलनाच्या नावाखाली अनोळखी नंबरावरून एपीके फाइल आली तर बोटसुद्धा लावू नका. पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 ला फोन करा.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळजणींना ठाऊकच नसते. स्त्रियांना, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण साताऱ्यालाही आहे, सांगलीलाही. लोकअदालतीत अशी चलनंही तडजोडीला ठेवतात. कोर्ट फी नाही, मात्र तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, तेव्हा सही करण्याआधी नीट वाचा.

माझी बहीण चलनांची यादी घेऊन लोकअदालतीत गेली, लेकाला बरोबर घेऊन. तडजोडीची रक्कम त्याच्या शिकवणीच्या पहिल्या कमाईतून गेली. इसार दिलेलं गिऱ्हाईक थांबलं, हे नशीब. नव्या स्कूटरची चावी ती आता हेल्मेटच्या आत ठेवते. एक उचललं की दुसरं हातात येतंच.