पारितोषिकासाठी अर्ज लिहिताना

वक्तृत्व, निबंध, रांगोळी, धावण्याची शर्यत या स्पर्धा आपल्या परिचयाच्या आहेत. पण कारखान्यांच्याही स्पर्धा असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. गुणवत्ता, वीज-बचत, सुरक्षितता, निर्यात अशा अनेक बाबींसाठी उद्योगांना पारितोषिके दिली जातात. तेथे धावून दाखवायचे नसते, लिहून दाखवायचे असते. वर्षभर शेकडो माणसांनी केलेले काम पंधरा-वीस पानांत मांडायचे आणि ते कधीही न पाहिलेल्या परीक्षकाला पटवून द्यायचे, असा हा प्रकार आहे. तुमच्यापैकी जे उद्या उद्यमबागेत किंवा मच्छेत नोकरीला लागतील, त्यांच्या टेबलावर असा अर्ज केव्हातरी येणारच. ‘तू कॉलेजात शिकलेला आहेस, तूच लिही,’ असे साहेब म्हणतील. माझ्यावर ही वेळ दोनदा आली. एकदा फजिती झाली, एकदा निभावले. त्या अनुभवाच्या आधारे चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. अशा पारितोषिकांत जुने व मानाचे म्हणजे जपानमधील डेमिंग पारितोषिक. ते १९५१ साली सुरू झाले. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डॉ. डेमिंग यांनी जपानमधील आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन देऊन टाकले आणि त्यातून हे पारितोषिक उभे राहिले. १९९८ साली सुंदरम-क्लेटन कंपनीच्या ब्रेक विभागाने ते पटकावले; हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय कंपनी होय. अमेरिकेने १९८७ साली कायदा करून माल्कम बॉल्ड्रिज यांच्या नावाने राष्ट्रीय पारितोषिक सुरू केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली राजीव गांधी राष्ट्रीय गुणवत्ता पारितोषिक स्थापन केले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन पारितोषिकेही प्रथम देण्यात आली.

आता मोठ्या कंपन्यांचेच हे काम, असे समजू नका. १९८८ साली बॉल्ड्रिज पारितोषिकाच्या पहिल्याच वर्षी मोटोरोला व वेस्टिंगहाऊस या बलाढ्य नावांच्या पंक्तीला ग्लोब मेटलर्जिकल नावाची एक छोटी कंपनी बसली. ती बनवीत असे फेरोसिलिकॉन व तत्सम मिश्रधातू, म्हणजे आपल्या बेळगावच्या ओतशाळांत रोज भट्टीत पडणारा माल! तेव्हा ओतशाळेच्या धंद्याला या पंक्तीत जागा नाही, असे कोणी म्हणू नये.

आता माझ्या फजितीची कथा. मी ज्या ओतशाळेत होतो तिचे नाव येथे सांगत नाही. एका औद्योगिक संघटनेच्या स्पर्धेसाठी आम्ही अर्ज पाठविला. विषय होता रिजेक्शन कमी केल्याचा. आकडे गोल करून देतो. जुलैत आमचे रिजेक्शन शेकडा ९ होते, जानेवारीत ते ४ वर आले. मधल्या काळात साहेबांनी वाळू तपासण्याचे नवे उपकरण आणले होते. सबब ‘व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीमुळे रिजेक्शन निम्म्याहून खाली आले’ असे मी झोकात लिहिले. रंगीत आलेख जोडला. अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला आणि आम्हाला प्रत्यक्ष मुलाखतीस बोलावले.

परीक्षकांपैकी एक वयस्कर गृहस्थ आलेखाकडे बराच वेळ पाहत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘त्याच्या आदल्या जानेवारीत रिजेक्शन किती होते?’

मला उत्तर देता आले नाही. परत येऊन रजिस्टर उघडले, तर आदल्या जानेवारीतही ते ४ च्या आसपासच होते! बेळगावचा पावसाळा तुम्हाला मी सांगायला नको. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की कपडे वाळत नाहीत. सिलिकेटने बांधून कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट केलेले कोअर ठेवून दिले की हवेतील ओल शोषून घेतात. मग त्यावर वितळलेले लोखंड पडले की ओलीची वाफ होते, ती धातूत अडकते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी राहते. पाऊस संपला की रिजेक्शन आपोआप उतरे. आम्ही ज्याला सुधारणा म्हणत होतो ती ऋतूची करणी होती. पावसाचे श्रेय साहेबांना देऊन मी मोकळा झालो होतो.

या एका प्रश्नातून अर्ज लिहिण्याचे पहिले सूत्र मिळते: तुलना सारख्याची सारख्याशी करावी. जुलैची तुलना जुलैशी. शक्य असेल तर तीन वर्षांचे आकडे महिनावार द्यावेत आणि एखादा महिना वाईट गेला असेल तर तो लपवू नये. जो आलेख सतत सरळ उतरतो त्यावर जाणता परीक्षक विश्वास ठेवीत नाही.

दुसरे सूत्र भाजकाचे. ‘विजेचे बिल दोन लाखांनी कमी झाले’ हे वाक्य ऐकायला गोड. पण त्या वर्षी माल कमी ओतला गेला असेल तर बिल कमी येणारच. म्हणून दर टनामागे किती युनिट लागले, हे सांगितले पाहिजे. ऊर्जा संवर्धनाच्या अर्जात वीजवापराच्या जोडीला उत्पादनाचेही आकडे मागतात, त्याचे कारण हेच. त्याचप्रमाणे बचत सांगताना तिच्यासाठी केलेला खर्चही सांगावा.

तिसरे सूत्र म्हणजे गुण कशाला आहेत ते आधी पाहणे. परीक्षेत दोन गुणांच्या प्रश्नाला चार पाने आणि वीस गुणांच्या प्रश्नाला अर्धे पान लिहिणारा विद्यार्थी नापास होतो. अर्जाचेही तसेच आहे. बॉल्ड्रिज पारितोषिकाच्या १००० गुणांपैकी ४५० च्या आसपास गुण अनेक वर्षे केवळ निष्पत्तीला, म्हणजे प्रत्यक्ष मिळालेल्या फळाला होते. आपण मात्र कारखान्याचा इतिहास, संस्थापकांचे चरित्र, उद्घाटनाचे फोटो यांतच निम्मी पाने खर्च करतो.

बॉल्ड्रिजचे परीक्षक कामाकडे चार अंगांनी पाहतात, ती अंगे कोणत्याही अर्जाला उपयोगी पडतील. पद्धत कोणती? ती कुठवर पोहोचली, एकाच पाळीपुरती आहे की तिन्ही पाळ्यांत चालते? तिच्यातून शिकून पुढे काय बदलले? आणि कारखान्याच्या इतर उद्दिष्टांशी तिची सांगड बसते का? निष्पत्तीबाबतही असेच प्रश्न: आज पातळी किती, कल कोणीकडे, आणि त्याच धंद्यातील इतरांच्या मानाने आपण कोठे? आपल्या अर्जातला प्रत्येक परिच्छेद यांपैकी कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर देतो का, हे पाहावे. देत नसेल तर तो काढून टाकावा.

चौथे सूत्र भाषेचे. आपल्याला निबंधाची सवय. त्यामुळे ‘अथक परिश्रम’, ‘अभूतपूर्व यश’, ‘जागतिक दर्जा’ असे शब्द लेखणीतून आपोआप उतरतात. परीक्षकाने त्या दिवशी असे तीस अर्ज वाचलेले असतात. एक युक्ती सांगतो. मसुद्यातील सर्व विशेषणे पेन्सिलीने खोडा आणि उरलेले वाक्य वाचा. ‘कोअर विभागात अत्याधुनिक व क्रांतिकारक सुधारणा करण्यात आल्या’ यातून विशेषणे गेली की ‘कोअर विभागात सुधारणा करण्यात आल्या’ एवढेच उरते, म्हणजे मुळात काही सांगितलेच नव्हते. आता हे वाचा: ‘१ जूनपासून प्रत्येक कोअरच्या रॅकवर तो बनविल्याची तारीख खडूने लिहिली जाते, आधीचा कोअर आधी वापरतात, आणि पावसाळ्यात एका दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त कोअर बनवीत नाहीत.’ यात तसले एकही विशेषण नाही. पण परीक्षकाला रॅक डोळ्यांसमोर दिसतो.

हे वाक्य माझ्या दुसऱ्या अर्जातले आहे, आणि त्यामागे पाचवे सूत्र आहे. ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

फजितीनंतर मी रजिस्टर घेऊन कोअर विभागात गेलो. तेथे एक वयस्कर कारागीर होते. मराठी असो की कानडी, सगळेच त्यांना काका म्हणत. मी त्यांना पावसाळ्याचे आकडे दाखविले. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. म्हणाले, ‘मळिगालदाग कोअर ताजा इरबेकु.’ पावसाळ्यात कोअर ताजा पाहिजे. हे ते पुष्कळ वर्षांपासून सांगत होते. आम्ही उपकरणे विकत घेत होतो. खडूची कल्पना त्यांचीच. पुढच्या जुलैत रिजेक्शन शेकडा ९ वरून साडेपाचवर आले. म्हणजे ओतलेल्या दर १०० टनांमागे साडेतीन टन माल वाचला. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारणपणे ६०० युनिट वीज लागते. तेव्हा नुसत्या पुन्हा वितळवण्याचीच सुमारे २,१०० युनिट वीज वाचली. खर्च आला तो खडूच्या पेटीचा.

मी नवा अर्ज लिहिला. त्यात होते, ‘तांत्रिक पथकाने अभ्यासपूर्वक ही पद्धत शोधून काढली.’ पाठविण्यापूर्वी तो काकांना वाचून दाखवावा असे वाटले, म्हणून कानडीत समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘इद्राग ना एल्लि अदीनि?’ यात मी कुठे आहे?

मित्रहो, त्या वेळी मला जी शरम वाटली ती मुलाखतीतल्या फजितीपेक्षा मोठी होती. पहिल्या अर्जात मी अजाणता खोटे लिहिले होते, दुसऱ्यात जाणूनबुजून. मी ते वाक्य खोडले आणि काकांचे नाव, त्यांचा विभाग व त्यांनी काय सांगितले ते लिहिले. साहेबांना हे फारसे रुचले नाही. ‘कंपनीचा अर्ज आहे, व्यक्तीचा नव्हे,’ असे ते म्हणाले. पण अशा स्पर्धांत परीक्षक कागदावर थांबत नाहीत. ते कारखान्यात येतात, थेट यंत्रापाशी जातात आणि कामगाराला विचारतात. अर्जात लिहिलेले त्याला ठाऊक नसेल तर सारा डोलारा कोसळतो. हे मी साहेबांना पटवून दिले. नाव राहिले.

यातूनच सहावी गोष्ट ओघाने येते. प्रत्येक विधानामागे पुरावा हवा. रजिस्टरचे पान कोणते, नोंद कोणी केली, आकडा कसा काढला, हे हाताशी असावे. म्हणून अर्जाची तयारी शेवटच्या आठवड्यात होत नाही. ती वर्षभर आधी, नोंदवही नीट ठेवण्यापासून सुरू होते. मसुदा झाला की धंद्याबाहेरच्या एखाद्याला वाचायला द्यावा आणि ‘यातून तुला काय समजले?’ एवढेच विचारावे. जे फसले तेही लिहावे. पहिल्या वर्षी आम्ही पावसाला सुधारणा समजलो, हे मी दुसऱ्या अर्जात सरळ लिहिले होते.

एक इशाराही दिला पाहिजे. पारितोषिक हे साधन आहे, साध्य नव्हे. फ्लोरिडा पॉवर अँड लाइट ही वीज कंपनी १९८९ साली डेमिंग पारितोषिक मिळविणारी जपानबाहेरची पहिली कंपनी ठरली. परंतु त्यासाठी एवढी कागदपत्रे रंगवावी लागली होती की कर्मचारी त्रासून गेले आणि नव्या अध्यक्षांनी तो पसारा पुष्कळसा आवरता घेतला. ह्यूस्टनच्या वॉलेस कंपनीला १९९० साली बॉल्ड्रिज पारितोषिक मिळाले आणि १९९२ साली तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. अर्ज कारखान्यासाठी असतो, कारखाना अर्जासाठी नसतो, हे विसरू नये.

बेळगावला हे शिकायला दूर जायला नको. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथेच सायकलचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती वर्णनाने नव्हे, तर नांगर शेतात चालल्यावरच दूर झाली.

असो. आमच्या दुसऱ्या अर्जाला पहिले नाही, दुसरे पारितोषिक मिळाले. मला आठवतो तो त्याआधीचा दिवस. परीक्षक कोअर विभागात आले. त्यांना कानडी येत नव्हते आणि काकांना मराठी बेताचीच. काकांनी काही न बोलता रॅककडे बोट दाखविले. त्यावर खडूने तारीख लिहिलेली होती. ती दोघांनाही वाचता आली.