लम्पी गावात येतो कसा?

मंडळी, लम्पी म्हटलं की अंगभर गाठी आलेली गाय डोळ्यांसमोर उभी राहते. 2022 साली जनावरांचे बाजार बंद झाले, पोळ्याला बैल एकत्र आणू नका असं अनेक गावांत सांगितलं गेलं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आज उपचारांवर मी फारसं बोलणार नाही. हा आजार एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो कसा, एवढंच बघू या.

1929 साली आजच्या झांबियात त्याची पहिली नोंद झाली. तेव्हा लोकांना वाटलं, काहीतरी विषारी पाला खाण्यात आला असेल, नाहीतर कीटक चावून अंगावर उठलं असेल. हा संसर्ग आहे हे कळायला 1940 चं दशक उजाडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या साथीत लाखो जनावरं आजारी पडली. आफ्रिकेबाहेर, म्हणजे इस्रायलमध्ये, तो 1989 ला पोचला. साठ वर्षं लागली! आणि त्यानंतर बघा: 2013 तुर्कस्तान, 2015 ग्रीस, 2019 मध्ये बांगलादेश आणि आपलं ओडिशा.

विषाणू देवीच्या कुळातला. शेळ्या-मेंढ्यांना जी देवी येते, तिच्या विषाणूचा हा सख्खा भाऊच. तो पसरतो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत. पण इथे मलेरियाशी गल्लत करू नका. मलेरियाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो. लम्पीत माशी म्हणजे नुसती उडती, वापरलेली सुई. गोठ्यातली चावरी माशी रक्त पीत असते, गाय शेपटी मारते, माशी उठते आणि उरलेलं जेवण शेजारच्या दावणीला जाऊन पूर्ण करते. तोंडाला लागलेला विषाणूही सोबत जातो. पावसाळ्यात साथ भडकते ती म्हणूनच. ओला उकिरडा आणि साचलेलं शेण ही या माश्यांची घरं.

मात्र माशी आपल्या पंखांनी जाऊन जाऊन किती जाणार? फार तर काही किलोमीटर. एका झेपेत जिल्हा किंवा राज्य ओलांडलं गेलं, तर मला माशीपेक्षा ट्रकचा संशय जास्त येतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जाऊ शकतात. त्यात भर म्हणजे लागण झालेल्या अनेक जनावरांना, काही अभ्यासांत निम्म्यांना, गाठी येतच नाहीत. रक्तात मात्र विषाणू असतो. बाजारात दात बघून, चालवून, कास बघून घेतलेली धडधाकट गाय हीच खरी वाहक असू शकते. म्हणून नवीन जनावर निदान 28 दिवस वेगळं बांधा म्हणतात. दोन गायींच्या गोठ्यात वेगळी जागा आणायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे. गावाने मिळून एखादी जागा ठरवली, तरच हे जमण्यासारखं आहे.

आता लस. आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस गायींना दिली गेली. भाऊबंदकीचा एवढा तरी फायदा! पण पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. साथ शेजारच्या गावात आल्यावर लस टोचली, तर काही जनावरांत विषाणू आधीच शिरलेला असतो. आठवड्याने गाठी येतात आणि गावभर होतं, 'लसीनेच आजार आणला!' मग शेजारचा टोचू देत नाही, आणि साथीला मोकळं रान मिळतं. युरोपात बाल्कन देशांनी 2016 पासून उलटं केलं. जिथे आजार पोचलाही नव्हता तिथल्या जनावरांनाही त्यांनी लस दिली, आणि दोनेक वर्षांत साथ आटोक्यात आली.

टोचताना एक बघा. दर जनावराला नवी सुई हवी. एकच सुई अख्ख्या दावणीला फिरली, तर जे काम माशी करते तेच आपण करतो, आणि तिच्यापेक्षा जास्त नेमाने. सुया कमी पडल्या, तर डॉक्टरांना थांबवा आणि आणखी मागवायला सांगा. ते रागावले तरी चालेल.