वाणांची पेढी, भाग 9 : बी न धरणारे आले

उणे 18 अंशांच्या कोठारात ज्वारीचा दाणा अनेक दशके जिवंत राहतो, आल्याचा कंद मात्र तेथे एक रात्रही तग धरत नाही. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथील एका वाचकाने अद्रकीचे बेणे अशा कोठारात किती वर्षे ठेवता येईल, असे विचारले असून, हा प्रश्न गेल्या भागातील विवेचनाच्या नेमक्या मर्यादेवर बोट ठेवणारा असल्यामुळे उगवणक्षमतेच्या तपासणीचा ठरलेला विषय पुढे ढकलणे इष्ट ठरते.

सुकवून पाण्याचा अंश 5 टक्क्यांच्या आसपास आणला, तरी दाण्यातील अंकुर मरत नाही, म्हणूनच तो गोठवता येतो. कंद मात्र पाण्याने भरलेला असतो, त्याची सुंठ केली की तो मरतो, आणि सुमारे 12 अंशांखालीच त्याला थंडी बाधून तो मऊ पडू लागतो. बी साठवावे, तर आले बीच धरत नाही. फुले क्वचित येतात आणि परागकण बहुतांशी वांझ असतात. त्यामुळे ‘माहीम’सारखा वाण म्हणजे बेण्याच्या तुकड्यांतून शेतोशेत पसरत गेलेले जणू एकच झाड असते. शिवाय आले रानटी अवस्थेत कोठेही आढळत नाही आणि संकराची वाटही बंद आहे, तेव्हा हरवलेला वाण पुन्हा घडवता येत नाही. ज्वारीचे बियाणे एखादे वर्ष पेरले नाही तरी कणगीत उरते. अद्रकीचा भाव चढला आणि बेण्यासाठी राखलेला मालही विकला गेला, तर तो वाण त्या घरातून एका हंगामात जातो. या पिकाच्या बाबतीत हाच धोका सर्वांत मोठा मानला पाहिजे.

म्हणून आल्याची पेढी शेतातच भरवावी लागते. केरळातील कोझिकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेत आल्याचे वाण दरवर्षी लावून, काढून, पुन्हा लावून जतन केले जातात, आणि अशा व्यवस्थेला क्षेत्रीय जनुकपेढी म्हणतात. तेथील एक खबरदारी मुद्दाम पाहण्यासारखी आहे: काढणीच्या वेळी मातीत राहून गेलेला बोटाएवढा तुकडा पुढील पावसात फुटतो आणि शेजारच्या वाणात बेमालूम मिसळतो, म्हणून मूळ संग्रह सिमेंटच्या कुंड्यांत, प्रत्येक वाण वेगळा ठेवून, सावलीत वाढवला जातो. कुंडी सरमिसळ रोखते, पण सड रोखतेच असे नाही, कारण कंदकुजीची बुरशी आणि मर रोगाचे जिवाणू बेण्याबरोबरच प्रवास करतात.

या भयापोटी दुसरी प्रत काचेच्या नळीत ठेवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमध्ये 1986 साली ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे रोपाचा अंश निर्जंतुक पोषकद्रव्यावर वाढवण्याचे, राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. अशा नळीत घट्ट, पारदर्शक आगरावर आल्याचा हिरवा कोंब उभा असतो आणि त्याची पांढरी मुळे काचेतून दिसतात; पोषकद्रव्याची घडण बदलून त्याची वाढ मंदावली, की तो लवकर नव्या नळीत हलवावा लागत नाही. कोंबाचे जेमतेम मिलिमीटरभर टोक काढून, बर्फाचे स्फटिक पेशी फाडणार नाहीत इतके त्याचे निर्जलीकरण करून, उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याची पद्धतही आल्यासाठी प्रयोगांत जमली आहे. म्हणजे अख्खा कंद जी थंडी सोसत नाही, तिच्याहून कितीतरी कडक थंडी त्याचे टोक सोसते; मात्र ते काम प्रयोगशाळेचे आहे, घरच्या शीतपेटीचे नव्हे. बेणे शेतकऱ्याने सावलीतच राखावे आणि दरसाल लावावे.

उगवणक्षमतेची तपासणी पुढील भागात.