उसनी सत्ता आणि एक न तपासलेली ओळ

कला शाखेच्या वार्षिकांकात संगणकाच्या अंतरंगावरील लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. हा विषय विज्ञानवाल्यांनी हाताळावा, असेही कोणी म्हणेल. परंतु सत्ता कोणाला द्यावी, किती द्यावी आणि दिल्यावर तिच्यावर पहारा कोणी ठेवावा, हे प्रश्न राज्यशास्त्राच्या तासाला आपण नेहमीच चर्चितो. संगणकाच्या पोटातही हेच प्रश्न आहेत. तेथील एका चुकीची आणि तिच्या दुरुस्तीची हकिकत मला म्हणूनच आपल्यापुढे मांडावीशी वाटली.

युनिक्स ही संगणकाचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ती घडविली. एकच यंत्र अनेकांनी वापरावे, पण एकाच्या फायली दुसऱ्याने परवानगीवाचून उघडू नयेत, ही तिची शिस्त. १९९१ मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेली लिनक्स ही तिच्याच धर्तीची. बँका, विद्यापीठे, शासकीय खाती यांचे असंख्य सर्व्हर आज लिनक्सवर चालतात. आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ प्रणालीही याच कुळातली.

या कुळात प्रत्येकाला स्वतंत्र खाते असते. मात्र एक खाते सर्वाधिकारी असते. त्याचे नाव ‘रूट’. रूटला कोणतीही फाइल वाचता, बदलता आणि पुसता येते.

खिडकीवरचा कारकून

आता एक अडचण पाहा. मला माझा पासवर्ड बदलायचा आहे. पण सर्वांचे पासवर्ड ज्या फायलीत असतात ती रूटच्या ताब्यात. मला ती उघडू दिली तर मी इतरांचीही नोंद बदलीन. उघडू दिली नाही, तर माझे साधे काम अडते.

महाविद्यालयाच्या कार्यालयात आपण हा प्रश्न कसा सोडवतो? विद्यार्थ्याला आत प्रवेश नाही. पण खिडकीवर कारकून असतो. आपण अर्ज देतो, तो आपल्या वतीने रजिस्टरात तेवढीच नोंद करतो. रिची यांनी हीच युक्ती योजली. काही ठरावीक प्रोग्रॅमांवर ‘सेटयूआयडी’ नावाची खूण करायची. असा प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो आपल्या मालकाच्या, म्हणजे बहुधा रूटच्या, अधिकाराने चालतो. या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९७९ मध्ये मंजूर झाले.

म्हणजे ही उसनी सत्ता झाली, आणि तीही एका कामापुरती. पण कारकुनाला कोणी चकवले तर? मग खिडकीबाहेरचा माणूस थेट मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीत बसतो. संगणकशास्त्रात याला ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’ म्हणतात. आपण ‘अधिकारवाढ’ म्हणू.

बारा वर्षे लपलेली चूक

लिनक्सवर ‘पीकेएक्झेक’ नावाचा असाच एक कारकून आहे. मे २००९ पासून तो वापरात आला. त्याच्यातील एक चूक क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी शोधून काढली. ही कंपनी अमेरिकन असली तरी तिचे मोठे कार्यालय आपल्या पुण्यात आहे. २५ जानेवारी २०२२ रोजी ही चूक ‘पोनकिट’ या नावाने जगजाहीर झाली. तोवर ती बारा वर्षांहून अधिक काळ लोकांच्या यंत्रांवर होती, आणि प्रोग्रॅम कोणालाही वाचता येईल असा खुला होता!

चूक कोणती? पुन्हा खिडकीपाशी जाऊ. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना दोन याद्या मिळतात, एकीखाली एक टाचलेल्या. पहिली यादी म्हणजे अर्ज. तिच्या पहिल्या ओळीत खुद्द प्रोग्रॅमचे नाव, दुसरीपासून मागण्या आणि शेवटी समाप्तीची कोरी ओळ. दुसऱ्या यादीत भोवतालची माहिती: भाषा कोणती, फायली कोठे शोधायच्या वगैरे. ही दुसरी यादी वापरणारा स्वतः भरतो. म्हणून सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीच दारावरचा पहारेकरी तिच्यातील धोकादायक ओळी काढून टाकतो.

आमचा कारकून पहिली ओळ नावाची असणार हे गृहीत धरून थेट दुसरीपासून वाचू लागे. आता कोणी संपूर्ण कोरा अर्ज दिला तर? त्यात समाप्तीची एकच कोरी ओळ. मग कारकुनाला जी ‘दुसरी ओळ’ दिसते, ती प्रत्यक्षात खालच्या यादीची पहिली ओळ असते. तिथे लिहिलेले नाव तो मागणी समजून वाचतो, त्या नावाचा प्रोग्रॅम शोधतो आणि सापडलेला पूर्ण पत्ता त्याच जागी लिहून ठेवतो. हल्लेखोर त्या नावाची मांडणी अशी करतो, की पहारेकऱ्याने काढलेली धोकादायक ओळ कारकुनाच्याच हाताने परत लिहिली जावी. पुढे त्रुटीचा संदेश छापताना ती ओळ वाचली जाते आणि हल्लेखोराने ठेवलेला प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालू लागतो.

आपल्या शहराजवळचा देवगिरीचा किल्ला आठवावा. तासलेला कडा, खंदक, अंधारी वाट. बाहेरून तो अजिंक्यच. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली तेव्हा धान्य म्हणून घाईने वर नेलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी कथा सांगतात. तट शाबूत होता. पोते उघडून पाहण्याचे तेवढे राहिले होते.

दुरुस्ती

या चुकीवरचा इलाज वाचून हसू येईल. कारकुनाने आरंभीच पाहावे, की अर्जात एक तरी ओळ आहे काय? नसेल तर काम तेथेच थांबवावे. मूळ दुरुस्तीचा गाभा एवढाच. काही ओळींचे काम.

मात्र त्या ओळी यंत्रापर्यंत पोहोचविणे ही निराळी कसरत. संशोधकांनी चूक प्रथम १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रेड हॅट या कंपनीला खाजगीत कळविली. ११ जानेवारीस दुरुस्तीसह ती लिनक्सच्या निरनिराळ्या वितरकांना दिली आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी सर्वांनी एकाच दिवशी ती जाहीर केली. इतकी गुप्तता का? कुलूप तुटके आहे अशी दवंडी नवे कुलूप बसण्यापूर्वी पिटली, तर चोराचीच सोय होते. पण दवंडी कधीच न पिटणेही चूक. मग कुलूप बदलण्याची निकड कोणाला वाटावी?

भारतीय वेळेप्रमाणे ही घोषणा झाली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुटी. ज्यांना दुरुस्ती लगेच बसविता येणार नव्हती त्यांच्यासाठी तात्पुरता उपाय होता: पीकेएक्झेकवरील सेटयूआयडीची खूण काढून टाकणे. म्हणजे खिडकी काही दिवस बंद. पुढे त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यातही बदल झाला: कोरा अर्ज आलाच, तर गाभा स्वतःच त्यात एक रिकामी ओळ घालू लागला. ओपनबीएसडी या युनिक्स कुळातील प्रणालीत तर असा कोरा अर्ज आधीपासूनच नाकारला जाई. त्यामुळे ती या संकटातून सुटली.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट निराळी आहे. कोऱ्या अर्जाने पीकेएक्झेक भलतेच वागतो, हे २०१३ मध्ये एका प्रोग्रॅमरच्या ध्यानात आले होते आणि त्याने ते लिहिलेही होते. पण त्या भलत्या वागण्यातून सत्ता बळकावता येते हे तेव्हा दिसले नाही, आणि विषय तसाच राहिला.

आपल्याला याचे काय?

एक आक्षेप येईल: ही चूक वापरायला आधी त्या यंत्रावर खाते हवे, मग बाहेरच्याचे भय कसले? पण महाविद्यालयाच्या सामायिक संगणकावर खाती किती असतात ते मोजावे. त्यांतील एकाचाही पासवर्ड ‘१२३४५६’ असला, की बाहेरचा माणूस आत आलाच. अधिकारवाढीची फट बुजलेली असेल, तर त्याच्या हाती एका विद्यार्थ्याच्या फायली लागतील. ती उघडी असेल, तर सर्वांचे गुण, पत्ते आणि शुल्काच्या नोंदी लागतील. नुकसान एकाचे की सर्वांचे, हे त्या काही ओळींवर ठरते.

म्हणून प्रयोगशाळेतील संगणक ‘अपडेट करू का’ असे विचारतो तेव्हा ‘नंतर’ म्हणण्याआधी ही हकिकत आठवावी. दुरुस्ती लिहिणाऱ्याने ती केव्हाच लिहिलेली असते. आपल्या यंत्रावर ती बसली आहे की नाही, हे पाहणे मात्र आपल्याकडेच उरते.